भिंतीवरचं काळं

ये, पायरीला ओल आहे, जपून.
तू ऑर्ला हेनेबरीचा नातू ना? नाकावरून ओळखलं.
त्या बाटलीत काय आहे ते नंतर सांग,
आधी मागे जाऊन माझी भिंत बघून ये.

पश्चिमेकडची. गोदामाच्या तोंडावरची.
माझ्या लहानपणी ती काळी होती,
चुलीच्या काजळीसारखी नव्हे, मखमलीसारखी.
दफनभूमीतले क्रूस काळे, सफरचंदाची झाडं काळी,
फादर क्विर्कच्या आवारातली येशूची आईसुद्धा
गुडघ्यापर्यंत काळी.
पिंपातून जी उडून जाते, तिच्यावर जगते ही बुरशी.
बाबा म्हणायचे, देवदूतांचा वाटा.
आई म्हणायची, पितात देवदूत
आणि भिंती मी घासते.

बाबा पिंपं बांधायचे.
खिळा नाही, सरस नाही,
दोन फळ्यांच्या फटीत लव्हाळ्याची एक काडी, बस.
दुपारी मी त्यांना पाव आणि अंडं नेऊन द्यायची.
गोदामाला दोन कुलपं होती,
एक किल्ली मालकाची, एक सरकारी माणसाची.
दोघं एकमेकांकडे न बघता दार उघडायचे,
एकाच मुलीला मागणी घालून आल्यासारखे.
तरी शनिवारी बाबांचा डावा पाय वाकायचा नाही.
का, ते विचारायचं नाही.

अमेरिकेने दारूबंदी केली, ती माझ्या जन्माआधी.
मग लंडनशी भांडण, जकातीवर जकात.
तोवर स्कॉटलंडवाले हलकी, स्वस्त, अखंड वाहणारी
गाळून मोकळे झाले होते,
आणि आमचे मालक म्हणत राहिले,
असलं पाणी आम्ही करत नाही.
खरं बोलले.
खरं बोलूनच बुडाले.

चोपन्न साली भट्टी विझली.
तांब्याचे तीन हंडे मोडीत निघाले, एकाच लॉरीत.
बाबा पुलापर्यंत मागे चालत गेले,
टोपी हातात.
वर्षभर पिंपं अर्धी कापून जिरेनियमसाठी विकली,
मग कव्हेंट्रीला गेले, मोटारींचे दरवाजे बसवायला.
पत्रात लिहायचे: इथे कशालाच वास नाही.

गोदामात डुकरं आली. मग खत. मग काहीच नाही.
भिंत उजळत गेली, इतकी हळू
की आईच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली.
त्या दिवशी ती ब्रश घेऊन बाहेर गेली
आणि तशीच परत आली.

आता तुम्ही पोरं.
नवे हंडे, आरशासारखे.
तीन वर्षं पिंपात निजल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणता येत नाही,
म्हणून तीन वर्षं जिन विकलीत,
समुद्रातलं शेवाळ घालून, निळ्या बाटलीत.
हसले होते मी. माफ कर.
बँकेलाही काहीतरी दाखवावं लागतं.

आणि आता विचारतोस,
मोड आलेले जव किती, बिनमोडाचे किती,
बाबा काही म्हणायचे का?
म्हणायचे की. मोडावर कर होता म्हणून बिनमोडाचे मिसळले,
पुढे त्या लबाडीलाच लोक चव म्हणू लागले.
पण किती, ते नाही.
कागद जळले, आणि तुला वाटतं
ते माझ्या नाकात शाबूत असतील.

दे इकडे.

ओलं गवत. बुटाचं पॉलिश. मिरी.
आणि मागे कुठेतरी... थांब...

नाही. ती नाही.
अरे, ती मी प्यायलेच कधी होते?
मला फक्त बाबांच्या कोटाचा वास माहीत,
आणि त्यात ते स्वतःही मिसळलेले होते.
ते प्रमाण तुला कोण देणार?

वाईट नाही पण. अजून थोडी घाल.

हां, भिंत. पाहिलीस?
गेल्या हिवाळ्यात पन्हळीखाली नाण्याएवढा डाग होता,
आता तळहाताएवढा झालाय.
तुमच्या वकिलाचं पत्र आलं,
दरवर्षी धुऊन देऊ, खर्च कंपनीचा.
ते मी चुलीत घातलं.
शेजारच्या ब्रीजचं धुवा हवं तर, तिची गाडी पांढरी आहे.
माझ्या भिंतीला हात लावायचा नाही.